एका अंतराचा हिशेब

२०१७ सालच्या डिसेंबरात मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात माझ्या शेजारच्या आसनावर साताऱ्याकडच्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या, आयुष्यात प्रथमच विमानात पाऊल टाकलेल्या, आणि पायांशी ठेवलेल्या पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा पुनःपुन्हा चाचपून पाहणाऱ्या त्या काकूंना काही केल्या झोप येत नव्हती. समोरच्या लहानशा पडद्यावर पृथ्वीचा नकाशा उमटला होता आणि त्यावर विमानाचे एक चिमुकले चित्र मुंगीच्या पावलांनी सरकत होते. पुष्कळ वेळ त्या चित्राकडे टक लावून पाहिल्यावर काकूंनी माझ्याकडे वळून विचारले, “काय हो, अमेरिका मावळतीला ना? मग हे विमान सारखं उत्तरेला कुठं चाललंय?”

त्या रात्री मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते, याची जाणीव मला तेव्हाही होती. दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि ते तोडायला वेळ किती, हा प्रश्न तिकिटावर छापलेल्या दोन आकड्यांत संपतो असे आपण समजतो; परंतु त्या आकड्यांच्या पाठीमागे पृथ्वीचा आकार आहे, वाऱ्याची गती आहे आणि राष्ट्राराष्ट्रांमधील तह व वैर आहे. त्या उत्तराची उरलेली बाजू आज सविस्तर मांडावी, अशी इच्छा आहे.

आरंभ एखाद्या पृथ्वीगोलापासून करावा. गोलावर मुंबईच्या ठिकाणी एक टाचणी, न्यूयॉर्कच्या ठिकाणी दुसरी टाचणी आणि दोहोंमध्ये सुती दोरा ताणून धरला, तर तो आपोआप जी वाट पकडतो ती पाहणाऱ्याला चकित करते. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून निघालेली सरळ रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचते. पण गोलावरचा दोरा मुंबईहून वायव्येच्याही उत्तरेस वळतो, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान मागे टाकून तुर्कमेनिस्तान व कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांवरून जातो, मॉस्कोच्या अगदी जवळून सरकतो, नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या आसपास समुद्र गाठतो, आइसलँड ओलांडतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करतो आणि मग कॅनडाच्या किनाऱ्यावरून खाली उतरत न्यूयॉर्कला येतो. या वाटेचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू सुमारे ६५ अंश अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्तापासून फारसा दूर नसलेल्या प्रदेशात पडतो. एकोणीस अंशांवर वसलेल्या मुंबईहून एक्केचाळीस अंशांवर वसलेल्या न्यूयॉर्कला जाण्यासाठी पासष्ट अंशांपर्यंत चढायचे, हे ऐकायला द्राविडी प्राणायामासारखे वाटते. पण गोलावर तीच वाट सर्वांत जवळची आहे. तिची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर भरते, तर नकाशावरची ती सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात १४,२०० किलोमीटरांची होते. म्हणजे जी वाट वाकडी दिसते तिच्यात सोळाशे किलोमीटरांहून अधिक बचत आहे.

याचे कारण समजावून सांगण्यासाठी मी काकूंना देवळाच्या शिखराचा दाखला दिला होता. शिखराला पायथ्याशी वेढा घालायला जेवढी दोरी लागते तेवढी कळसाजवळ लागत नाही. पृथ्वीच्या रेखांशांचेही तसेच आहे. विषुववृत्तावर एका रेखांशापासून दुसऱ्या रेखांशापर्यंत जायला १११ किलोमीटर चालावे लागते, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५, आणि साठ अंशांवर पोहोचल्यावर केवळ ५५ किंवा ५६. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये सुमारे १४७ रेखांशांची तफावत आहे. ती जेथे हे रेखांश परस्परांच्या निकट आलेले असतात तेथून पार करणे फायद्याचे, मात्र तेथपर्यंत वर चढण्याचा आणि परत खाली उतरण्याचा खर्चही हिशेबात धरायला हवा. हे दोन्ही खर्च जेथे परस्परांशी तोलले जातात तीच ताणलेल्या दोऱ्याची वाट, आणि गणिताच्या परिभाषेत तिलाच बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. गोलाच्या मध्यातून सुरी फिरवून त्याची दोन समान शकले केली असता कापलेल्या कडेवर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त.

भिंतीवरचा नकाशा आपल्याला फसवतो, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणे होईल. १५६९ साली गेरार्डस मर्केटर याने ज्या पद्धतीचा नकाशा सिद्ध केला ती खलाशांच्या सोयीसाठी होती. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून चालणाऱ्या जहाजाची वाट या नकाशावर सरळ रेघ म्हणून काढता यावी, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने उत्तम साधला. त्यासाठी त्याला ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे करावे लागले, इतके की त्याच्या नकाशावर ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो, वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी असताना. ज्या कामासाठी तो नकाशा केला नव्हता त्या कामाला आपण तो शाळेच्या भिंतीवरून लावत आलो, आणि त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या मनात पृथ्वीचे एक सपाट चित्र कायमचे बसून गेले. मला स्वतःला गोल पृथ्वी ठाऊक होती ती पाठ केलेल्या वाक्यापुरती. ती डोळ्यांना दिसली प्रथम अशा एका विमानाच्या पडद्यावर.

अंतर मोजण्याच्या एककातही या गोलाईची खूण आहे. वैमानिक आणि खलाशी सागरी मैलात मोजतात. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे मूळ ठाऊक झाल्यावर त्याच्याइतके सयुक्तिक माप दुसरे नाही असे वाटू लागते. पृथ्वीच्या केंद्राशी एक अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढा कोन करणारे पृष्ठभागावरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. त्याला साठाने गुणले की ६,७६२ सागरी मैल हे अंतर हाती येते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित दबलेली असल्यामुळे सूक्ष्म हिशेबात थोडा फरक पडतो, एवढेच. अंश, कला आणि विकला हे शब्द आपल्या ज्योतिषग्रंथांना परके नाहीत. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा मानून तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेल्या गावासाठी ग्रहगणितात जो फेरफार करायचा त्याला आपल्या पूर्वसूरींनी ‘देशांतर’ हे नाव दिले होते, आणि त्यात स्थळाचे अंतर हे काळाच्या अंतरात रूपांतरित होते हा विचार स्पष्ट होता. विमानाच्या प्रवासात हाच विचार पुन्हा भेटतो.

अंतर इतके निश्चित झाल्यावर वेळही निश्चित व्हावा, अशी आपली साहजिक अपेक्षा असते. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्याखाली ५० अंशांच्याही खाली असते आणि तिचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या चतुर्थांशाएवढा उरतो. अशा विरळ, थंड हवेत विमानाला अडथळा कमी आणि इंधनाचा खर्चही कमी. म्हणून लांबचे प्रवास तेथूनच होतात. तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो आणि मोठी प्रवासी विमाने त्याच्या ८४ किंवा ८५ टक्के वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर उडतात. याहून वेगाने जायचे तर ध्वनीच्या भिंतीशी गाठ पडते, हवा पंखांभोवती सुरळीत वाहीनाशी होते आणि इंधन भराभर संपू लागते. ती भिंत ओलांडून जाणारे कॉन्कॉर्ड विमान १९७७ ते २००३ या काळात प्रवाशांना न्यूयॉर्कहून लंडनला साडेतीन तासांत पोहोचवत असे. परंतु सुमारे शंभर माणसांसाठी जेवढे इंधन ते जाळी तेवढे परवडणारे नव्हते, आणि त्याच्या गर्जनेमुळे बहुतेक देशांनी त्याला जमिनीवरून त्या वेगाने उडण्याची मुभा दिली नव्हती. म्हणून आज पन्नास वर्षांनंतरही आपण ताशी नऊशेवरच आहोत. १२,५५० किलोमीटरांना ९०० ने भागले की चौदा तासांना थोडे कमी असे उत्तर येते. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जायला पंधरा ते सोळा तास लागतात, आणि परत येताना त्याहून साधारण तास-दीड तास कमी.

जाताना जास्त आणि येताना कमी, हे कसे? पुष्कळ सुशिक्षित माणसेदेखील याचे उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात. त्यांचा तर्क असा की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर मुंबईहून वर उडालेले विमान नुसते अधांतरी थांबले तरी काही तासांनी अमेरिका त्याच्या पायाशी यावी. पण विमान हवेत असते आणि हवा पृथ्वीबरोबर फिरत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडणारी माशी जशी डब्याच्या मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसे विमानही मागे राहत नाही. तथापि पृथ्वीच्या फिरण्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम आहे, आणि तो फार मोठा आहे. विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते, तर साठ अंशांवरची जमीन तिच्या निम्म्या वेगाने. उष्ण प्रदेशातली तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकू लागते तेव्हा आपला मूळचा वेग बरोबर नेते आणि खालच्या जमिनीला मागे टाकून पूर्वेकडे धावू लागते. उष्ण आणि थंड हवेच्या सरहद्दीवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, अशा वाऱ्याच्या अरुंद, नागमोडी नद्या पृथ्वीभोवती अखंड वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात, जेव्हा दोन प्रदेशांच्या तापमानांतील तफावत वाढते, तेव्हा त्यांचा वेग ताशी दोनशे, तीनशे, क्वचित चारशे किलोमीटरांपर्यंत जातो.

या नद्यांचा शोध लावणाऱ्या माणसाची हकीकत मला नेहमी चटका लावते. जपानमधील त्सुकुबाजवळच्या तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचा हवामानशास्त्रज्ञ १९२० नंतरच्या दशकात फुगे आकाशात सोडून दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेत असे. उंच गेलेले फुगे हिवाळ्यात विलक्षण वेगाने पूर्वेकडे वाहून जातात, हे त्याने शेकडो वेळा नोंदले. आपले निष्कर्ष जगातल्या सर्व विद्वानांनी वाचावेत या तळमळीने त्याने १९२६ साली आपला अहवाल एस्पेरांतो या नव्याने निर्माण केलेल्या विश्वभाषेत प्रसिद्ध केला, आणि नेमकी ती भाषा जाणणारे फार थोडे असल्यामुळे जगाचे त्याकडे लक्ष गेले नाही. १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून चालून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना जेव्हा तुफान वाऱ्याने बेजार केले तेव्हा कुठे अमेरिकेच्या वैमानिकांना या नद्यांची प्रत्यक्ष ओळख पटली. आज प्रत्येक लांबच्या उड्डाणापूर्वी या वाऱ्यांचा अंदाज घेऊन वाट आखली जाते. उत्तर अटलांटिकवर तर हवेतले रस्ते रोज नव्याने आखले जातात. कॅनडातील गँडर आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथील नियंत्रक पूर्वेकडे जाणाऱ्यांना वाऱ्याच्या प्रवाहात बसवतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्यापासून दूर ठेवतात. २०२० च्या फेब्रुवारीत ‘सियारा’ नावाच्या वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान या वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीच्या मापाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता, आणि तरीही सभोवतालच्या हवेच्या मापाने ते नेहमीच्याच चालीने उडत होते. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या बाबतीत समजा, संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी पन्नास किलोमीटर वारा समोरून आला, तर नुसत्या उडण्याचा वेळ पावणेपंधरा तासांवर जातो. तोच वारा पाठीशी असला तर सव्वातेरा तासांत काम भागते. जाण्यायेण्यातली तास-दीड तासाची तफावत ती हीच. येथे अंतराच्या व्याख्येलाच धक्का बसतो. वैमानिकाच्या दृष्टीने सर्वांत जवळची वाट म्हणजे सर्वांत कमी किलोमीटरांची वाट नव्हे, तर सर्वांत कमी हवा कापावी लागणारी वाट. आणि ती आज एक असते, उद्या दुसरी. ताणलेल्या दोऱ्यापासून विमान शेकडो किलोमीटर बाजूला जाते ते भरकटून नव्हे, हिशेब करून.

पण वाऱ्याहूनही अधिक लहरी एक गोष्ट आहे, ती म्हणजे राज्यकर्त्यांची मर्जी. पृथ्वीगोलावरच्या दोऱ्याखाली मी जे देश सांगितले त्या प्रत्येकाच्या आकाशाला धनी आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करारनामा झाला त्याच्या पहिल्याच कलमात, प्रत्येक राष्ट्राचा आपल्या मुलखावरील आकाशावर पूर्ण व अनन्य अंमल आहे, हे तत्त्व मान्य करण्यात आले. त्यामुळे दुसऱ्याच्या हद्दीतून विमान न्यायचे तर परवाना हवा, आणि जुन्या काळी घाटाच्या तोंडाशी जशी जकात द्यावी लागे तसा आकाशमार्गाचा करही भरावा लागतो. जोपर्यंत राष्ट्रांचे सख्य असते तोपर्यंत प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही. सख्य बिघडले की पृथ्वी एकाएकी मोठी होते.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएट संघाने आपले आकाश परक्यांना जवळजवळ बंद ठेवले होते, म्हणून युरोपातून जपानला जाणारी विमाने १९५७ पासून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातील अँकरेजला उतरून पुढे जात. त्या बंद आकाशात चुकून शिरण्याची किंमत काय असते, हे १ सप्टेंबर १९८३ रोजी जगाने पाहिले. अँकरेजहून सोलला निघालेले कोरियाचे एक प्रवासी विमान स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीच्या मांडणीमुळे ठरलेल्या वाटेपासून हळूहळू ढळत गेले आणि सोव्हिएट लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करण्याची अमेरिकेची लष्करी यंत्रणा सर्व जगाच्या नागरी विमानांना उपलब्ध करून देण्याची घोषणा या घटनेनंतर झाली. आज प्रत्येकाच्या खिशातला फोन रस्ता दाखवतो, त्या सोयीच्या इतिहासात ही २६९ माणसे आहेत, हे मला विसरवत नाही. पुढे सोव्हिएट संघ मोडला, सायबेरियाचे आकाश खुले झाले, आणि २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर पश्चिमी राष्ट्रांच्या विमानांना ते पुन्हा बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांवर गेला. हेलसिंकी जागचे हलले नाही आणि टोकियोही हलले नाही.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटवरील भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. त्या काळात दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या विमानाला इंधनासाठी दोह्याला उतरावे लागत होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झाले. दिल्लीच्या मानाने मुंबईला याची झळ कमी लागते, कारण मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे वळू शकते. समुद्रकिनाऱ्याचे शहर असण्याचा हाही एक फायदा. परंतु काकूंबरोबर मी २०१७ साली ज्या वाटेने गेलो, पडद्यावर मॉस्को हे नाव वाचून ज्या वाटेवर त्यांनी “अगं बाई, रशिया!” असे उद्गार काढले, ती ताणलेल्या दोऱ्याची वाट भारतीय विमानाला आज तशीच्या तशी मिळणार नाही.

इतक्या लांबच्या आणि इतक्या निर्जन वाटेवर आणखी एका गोष्टीची तजवीज करावी लागते. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकावर ते किती वेळात सुरक्षित विमानतळ गाठू शकेल, याला नियमाची मर्यादा आहे. अमेरिकेत १९५३ साली ती साठ मिनिटांची होती. इंजिने जसजशी भरवशाची होत गेली तसतशी ती १९८५ साली दोन तासांची आणि लवकरच तीन तासांची झाली, आणि आता काही विमानांसाठी त्याच्याही पुढे गेली आहे. आइसलँडमधील केफ्लाविक, कॅनडातील गूज बे आणि गँडर या नावांना म्हणूनच वैमानिकांच्या मनात जे स्थान आहे ते कोकणातल्या जुन्या तांडेलांच्या मनात आडोशाच्या बंदरांना असे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील दोषामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले आणि दुसरे विमान येईपर्यंत प्रवाशांना त्या अनोळखी गावात मुक्काम करावा लागला. पण ते सुखरूप उतरले, कारण त्या वाटेच्या आखणीत मगदानसारख्या जागांची गणना आधीच झालेली असते.

राहता राहिले इंधन. या मार्गावर चालणाऱ्या मोठ्या बोइंग ७७७ विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३,५१,५०० किलो असते, आणि त्याच्या टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले १,४५,००० किलो म्हणजे पाचांत दोन हिस्से निव्वळ इंधन असते. यातले पुष्कळसे इंधन उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्च होते, आणि म्हणूनच प्रवास जसा लांबतो तसा खर्च अंतराहून अधिक वेगाने वाढतो. मध्यरात्रीनंतर निघण्यालाही याच्याशी थोडा संबंध आहे: पलीकडे सोयीच्या वेळी पोहोचणे हे मुख्य कारण खरे, पण मुंबईच्या दुपारच्या तापलेल्या, विरळ हवेपेक्षा रात्रीची हवा जड विमानाला उचलून धरायला अधिक समर्थ असते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्या विमानाला कैरो आणि जिनिव्हा येथे टप्पे घ्यावे लागले होते. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाने बोइंग ७०७ जेट विमानाने मुंबई न्यूयॉर्कशी जोडली तीही लंडनमार्गे. मध्ये कोठेही पाय न टेकता हे अंतर कापणारी सेवा सुरू व्हायला २००६-०७ साल उजाडावे लागले. आता सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरांचे अंतर विमाने अठरा-एकोणीस तासांत एका दमात तोडतात. २०२१ च्या जानेवारीत झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्री-वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने बंगळूरला विमान आणले, तोही या ताणलेल्या दोऱ्याचाच पराक्रम.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो उडण्याचा नव्हे, हेही येथे सांगून टाकतो. विमानाच्या चाकांखालची अडसर काढल्यापासून पलीकडच्या फाटकाशी ते थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीकडे सावकाश जाणे, रांगेत उभे राहणे, पलीकडे उतरण्यासाठी घिरट्या घालणे, हे सर्व आले. मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, तेथे या गोष्टींना बराच अवकाश ठेवावा लागतो.

आणि तरीही ज्या वेळेचा माणसाला सर्वांत विलक्षण अनुभव येतो तो यांपैकी कोणत्याच आकड्यात नाही. आम्ही रात्री दोनच्या सुमारास मुंबई सोडली होती. दोन म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचे दोन. मुंबईच्या सूर्याला विचाराल तर तेव्हा एक वाजून एकवीस मिनिटे झाली होती. १९०६ साली देशभर प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि तिच्याबद्दल जुन्या मुंबईकरांना वाटणारा अभिमान मी लहानपणी ऐकलेला आहे. घड्याळ हे सूर्याशी केलेला करार आहे, तो बदलता येतो, याची त्यांना पक्की जाण होती. पश्चिमेकडे जाणारे विमान हा करार तासातासाला बदलत जाते. एरवी चोवीस तासांत पृथ्वीचा फेरा पुरा करणारी रात्र आमच्याबरोबर पश्चिमेकडे चालली होती; त्यात डिसेंबर, आणि वाट उत्तरेची, जेथे त्या दिवसांत सूर्य जेमतेम क्षितिजावर येतो. मॉस्को अंधारात गेले, नॉर्वे अंधारात गेला, आइसलँड आणि ग्रीनलँड अंधारात गेले. काकूंनी खिडकीचे झापड दहा वेळा तरी वर करून पाहिले असेल. “उजाडत कसं नाही?” असे त्या म्हणत, आणि पुन्हा झापड खाली ओढत. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने दुपारचे चार वाजून गेले होते. एकदा मात्र काळोखात उत्तरेकडे एक फिकट हिरवट पडदा हलताना आम्हा दोघांना दिसला. तो ध्रुवीय प्रकाश असावा. काकूंनी हात जोडले.

कॅनडाच्या किनाऱ्यापाशी पूर्वेकडे, म्हणजे आमच्या पाठीमागे, एक तांबूस रेघ उमटली. न्यूयॉर्कला विमान उतरले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. सोळा तास चाललेली ती रात्र एकदाची संपली होती. आसनांवरून माणसे उठू लागली, वरची कपाटे उघडली गेली. काकूंनी लाडवांचा डबा पुन्हा एकदा चाचपला आणि मला विचारले, “किती वाजले असतील इथं?” मी म्हणालो, “सकाळचे साडेसात.” त्यांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यात सहा वाजले होते.

“म्हणजे घरी आता हे देवापुढं दिवा लावत असतील,” त्या म्हणाल्या. घड्याळ नव्या वेळेला लावून देऊ का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवून नको म्हटले, पदर सारखा केला आणि पिशवी उचलून त्या पुढच्या माणसाच्या मागे उभ्या राहिल्या.